डूडलचा केशसंभार : उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या नवशिक्यांसाठी

डूडल, म्हणजे पूडल आणि दुसऱ्या जातीच्या कुत्र्याचा संकर, घ्यायचं ठरलं की पहिली पायरी सोपी आहे. विकणारा फोनवर जे सांगेल त्यावर विश्वास ठेवा : 'केस गळत नाहीत, वास येत नाही, मेन्टेनन्स काहीच नाही.' यातलं पहिलं वाक्य बऱ्यापैकी खरं असतं आणि पुढचा सगळा ताप त्यातूनच निघतो. केस गळत नाहीत म्हणजे ते उगवायचे थांबतात असं नव्हे. पूडलचे केस वाढतच राहतात, आणि जो केस सुटतो तो खाली पडण्याऐवजी शेजारच्या कुरळ्या केसांत अडकून बसतो. लॅब्रेडॉरचा केस सोफ्यावर पडतो, झाडूने निघतो. डूडलचा अंगावरच राहतो. तिथे झाडू चालत नाही, घरातलं माणूस लागतं. कोणतं माणूस, हे पिल्लू आणण्याआधीच ठरवा. 'मी करेन रोज' असं म्हणणाऱ्या मुलाची दहावी कधी आहे तेही विचारून घ्या.

दुसरी पायरी चौकशीची. आपल्या गावात माल घेताना 'ओरिजिनल की फर्स्ट कॉपी?' असं विचारायची रीत आहे. इथे ते विचारू नका, कारण डूडलमध्ये ओरिजिनल नसतंच. एफ-वन म्हणजे एकीकडे पूडल आणि दुसरीकडे लॅब्रेडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हर. त्या पिल्लाचा पुन्हा पूडलशी संकर केला की एफ-वन-बी. पूडलचा वाटा वाढला की साधारणपणे कुरळेपणा वाढतो, गळणं घटतं आणि तुमचं काम दुप्पट होतं. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या लेखी डूडल ही जातच नाही. तरीही कोणी 'पेपरवाला' डूडल दाखवलाच, तर कागद हातात घेऊन कौतुकाने बघा. 'मेड इन यूएसए'चा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन असा सांगणाऱ्या गावात राहून आपण एवढं तरी शिकलोच असू.

डूडलची ही लाट सुरू झाली ऑस्ट्रेलियात. १९८९ मध्ये व्हिक्टोरियातल्या गाइड डॉग संस्थेत काम करणाऱ्या वॉली कॉनरॉन यांनी लॅब्रेडॉर आणि मोठ्या पूडलचा संकर केला. हवाईतल्या एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता, आणि त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची अ‍ॅलर्जी होती. तीन पिल्लं झाली, त्यातलं एकच त्या नवऱ्याला चाललं. म्हणजे खुद्द कारखान्यातही तीनात एकच पास. पुढे मागणी एवढी वाढली की म्हातारपणी कॉनरॉन यांनी या उद्योगाबद्दल जाहीर पस्तावा व्यक्त केला. आपला विकणारा मात्र आजही 'शंभर टक्के अ‍ॅलर्जी फ्री' म्हणतो.

आता केसांचे प्रकार. सरळ केसांचा डूडल लॅब्रेडॉरवर गेलेला असतो. तो गळतो, आठवड्यातून एक-दोनदा ब्रश केला तरी भागतं, आणि पैसे फुकट गेले म्हणून मालक त्याच्यावर रुसलेला असतो. माझ्या मते नवशिक्याला हाच लाभावा. लाटांचे, मऊ केस असलेला डूडल फोटोत सर्वांत गोड दिसतो. त्याला दिवसाआड विंचरावं लागतं. घट्ट कुरळा, लोकरी केसांचा असेल तर रोज, आणि दीड-दोन महिन्यांनी कटिंग. तुमचं पिल्लू यातलं नक्की कोणतं, हे पहिल्या काही महिन्यांत कळत नाही. साधारण सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान पिल्लाची लव जाऊन मोठेपणीचे केस येतात. जुने आणि नवे एकमेकांत गुंततात, आणि 'आमच्याला कधी गुंताच होत नाही' म्हणणारी घरं त्याच महिन्यात गप्प होतात.

विंचरण्याची पद्धत नीट वाचा, बाकी लेख विसरलात तरी चालेल. बारीक तारांचा स्लिकर ब्रश आणि स्टीलचा कंगवा घ्या. ब्रश पाठीवरून वरवर फिरवला की पाच मिनिटांत कुत्रा कापसासारखा फुलतो आणि शेजारच्या काकू 'कित्ती छान' म्हणतात. आत, कातडीलगत, त्याच वेळी केसांचा जाड थर बसत असतो. म्हणून कुत्र्याला कुशीवर झोपवा, केसांत भांग पाडून कातडी दिसेपर्यंत बाजूला करा, आणि खालून वर एकेक पदर ब्रश करत जा. मग तिथूनच कंगवा घाला. कंगवा अडला, तर विंचरून झालेलं नाही. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, जांघेत आणि बोटांच्या बेचक्यात तो हमखास अडतो. सापडलेली गाठ मुळाशी बोटांनी धरून टोकाकडून सोडवा, म्हणजे कातडी ओढली जात नाही. हवं तर कॉर्नफ्लॉवर चोळा.

कात्री मात्र नाही. कॅम्प पाचमध्ये घरोघरी जीन्सचं धागा कटिंग चालतं, त्यामुळे धारदार कात्री आणि सराईत हात दोन्ही शेजारी मिळतात, आणि मोह होतो. जीन्सच्या धाग्याखाली जीव नसतो. गाठीत कातडी वर ओढली गेलेली असते आणि कात्री केसाऐवजी तीच कापते.

अंघोळ कधी घालावी? विंचरून झाल्यावर. हा क्रम सगळे उलटा करतात. गाठीवर पाणी पडलं की ती आणखी आवळते. महिन्यातून एकदा पुरे. शाम्पू कुत्र्याचाच, कारण त्याची कातडी आपल्याइतकी आम्लधर्मी नसते. त्याआधी आज पाणी आहे का ते बघा आणि फेस धुऊन होईपर्यंत नळ टिकेल अशी प्रार्थना करा. मग वाळवणं. टॉवेलने घासू नका, दाबून पुसा, आणि ड्रायर मंद गरम ठेवून मुळापर्यंत कोरडं करा. अर्ध्यात लाईट गेली तर पंखा नाही आणि ड्रायरही नाही. पुठ्ठा घेऊन वारा घालत बसा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे जीन्ससुद्धा तीन दिवसांत वाळत नाही, तिथे हा चार पायांचा लोकरीचा गठ्ठा आपोआप वाळेल ही आशा सोडा. ओल राहिली की कातडीवर लाल चट्टे आणि बुरशी येते. लोंबत्या कानात पूडलचे केसही उगवतात, त्यामुळे कानाला वास येऊ लागला की थेट डॉक्टरकडे. पावसात फिरवून आणलं की पंजे धुवा, कोरडे करा, आणि रोज अंगभर बोटं फिरवून गोचिडी शोधा. असल्या दाट केसांत गोचीड सुखाने राहते, आणि तिच्यापासून होणारा ताप जीवघेणा ठरू शकतो. लेप्टोची लसही विसरू नका. रस्त्यावरच्या तुंबलेल्या पाण्यात उंदरांचं मूत असतंच.

बर्नडूडलबद्दल, म्हणजे पूडल आणि बर्नीज माउंटन डॉगच्या संकराबद्दल, थोडक्यात. त्याचा अर्धा वंश स्वित्झर्लंडच्या आल्प्समधला. आणि इथे एप्रिल-मेमध्ये जवळच्या बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. तरी घेणार असाल तर एसीचं बिल भरायची तयारी ठेवा.

यातलं काही जमलं नाही तर शेवटी सलून आहेच. मोबाइलवर टेडी बेअर कटचा फोटो दाखवा. ग्रूमर काखेत कंगवा घालेल, कंगवा हलणार नाही, आणि ग्रूमर शांतपणे म्हणेल, 'झिरो मारावं लागेल.' भांडू नका. गुंत्याचा थर ओढून सोडवण्यापेक्षा मशीन लावण्यात कुत्र्याला कमी यातना होतात, तो बरोबरच सांगतोय. घरी येताना नाक्यावर कोणीतरी विचारेलच, 'भाऊ, ये बकरी का बच्चा कितने का लिया?' खरा आकडा सांगू नका.

एवढं वाचूनही बेत कायम असेल तर एक काम करा. पैसे देण्याआधी शेजाऱ्याचा शिह त्झू महिनाभर रोज वीस मिनिटं, कातडीपर्यंत, विंचरून द्या. ते विंचरणं त्याला आणि शेजाऱ्याला चाललं, तुम्हालाही चाललं, तर खुशाल डूडल आणा. ही परीक्षा जुलैत द्या. जानेवारीत कोणीही पास होतो.