तोफांच्या गावात वाटीभर लोखंड

अहो, आधी दार लोटून घ्या. हे चारचौघांत बोलण्यासारखं नाही. आपल्या जबलपुरातल्या मराठी घरांतली चांगली पन्नाशीची, सुना-जावयांची माणसं रात्री दिवे मालवून मोबाइलवर काय बघतात, ठाऊक आहे? लहान मुलांच्या खाण्यापिण्याच्या जुन्या जाहिराती! ती कॉम्प्लानवाली पोरं बघायची, त्यांतला मुलगा शाहिद कपूर आणि मुलगी आयेशा टाकिया हे एकमेकांना दहांदा सांगायचं आणि डोळे पुसायचे. नेपियर टाउनात एका घरी तर आजोबांनी कपिल देवच्या थाटात बूस्टचा पेला उंचावला म्हणे. मधुमेह आहे हो त्यांना!

पण खरं लफडं खोक्यातल्या नाश्त्याचं. १९९४ साली केलॉग्ज भारतात उतरलं, तळोज्याला कारखाना थाटला. कॉर्नफ्लेक्सवर थंड दूध घाला म्हणाले. थंड दूध, सकाळी, लेकराला? आपल्या आयांनी उकळतं ओतलं आणि कुरकुरीत चकत्यांची दोन मिनिटांत पेज झाली. चमच्याने भरवली, वर साखर. आता त्याच पेजेच्या आठवणीने हे लोक गहिवरतात!

बरं, जाहिरातीत भरवसा कशाचा? जीवनसत्त्वांचा आणि लोहाचा. लोहाचा, आणि तोही जबलपुरात! जिथे १९०४ पासून तोफगाड्यांचा कारखाना, म्हणजे जीसीएफ, उभा आहे, जिथे निम्म्या बिऱ्हाडांचे बाबा जीसीएफच्या नाहीतर खमरियाच्या कारखान्याच्या भोंग्यावर घराबाहेर पडायचे, त्या गावाला लोखंड खोक्यातून आणायला सांगायचं म्हणजे काय म्हणावं! घरात लोखंडी कढई होती. तिच्यात पोहे परतले की थोडं लोह त्यांत उतरतंच, आणि वर लिंबू पिळलं की त्यातल्या क जीवनसत्त्वाने ते अंगी लागतं. हे कुठल्या आईने कधी गाण्यात म्हटलं नाही, एवढीच तिची चूक. (पोह्यांशेजारी खव्याची जिलबी असायची, तिचा हिशोब मी काढत नाही. मीही जबलपूरचीच.)

तिकडे अमेरिकेत तर त्याहून वरताण. १९५२ साली केलॉग्जने साखर चढवलेल्या फ्लेक्सच्या खोक्यावर टोनी नावाचा वाघ बसवला. कान्हा आणि बांधवगडच्या शेजारणींना वाघाचं काय कौतुक! त्या मालाचं नावच मुळी ‘शुगर फ्रॉस्टेड फ्लेक्स’. साखर तेव्हा उजळ माथ्याने नावात मिरवायची. १९८३ साली नावातली ‘शुगर’ गाळली. खोक्यातली तशीच राहिली, नाव तेवढं सोवळं झालं.

आपल्याकडचा सोवळेपणा आणखी उशिरा आला. एप्रिल २०२४ मध्ये सरकारने ऑनलाइन दुकानांना बजावलं की बोर्नव्हिटासारखी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’च्या रांगेत ठेवू नका. म्हणजे आपण नाक दाबून, आईचा हात पाठीवर पडेल म्हणून घटाघटा प्यायलो, ते सगळं कुठल्या खात्यात जमा धरायचं?

आणि ते खोक्यातलं लोह? मूठभर लोहयुक्त फ्लेक्स बारीक कुटा, पाण्यात कालवा, प्लास्टिकच्या पिशवीत भरा आणि बाहेरून जोरदार चुंबक हळूहळू फिरवा. आतून बारीक काळी भुकटी त्याच्यामागे सरकत येते. खरं लोखंडच असतं ते, खाण्याजोगं. चुंबक माझ्याकडे आहे, पण न्यायला या ते अंधार पडल्यावर.