रिकामेच आहात ना?

राज्य सरकारच्या नोकरीत 20 वर्षं भरली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. 31 जानेवारी 2020 ला तर बीएसएनएलचे 78 हजारांहून जास्त कर्मचारी एकाच दिवशी मोकळे झाले. मोकळे, म्हणजे कागदावर! तिसगावात पन्नाशीत घरी बसून बघा. "तात्या, रिकामेच आहात ना? पाथर्डीला तहसिलात रेशनकार्डाचं तेवढं बघून या." मग सप्त्याची वर्गणी, भाचीची सोयरीक, वायरमनची मनधरणी. शेजारच्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. तिथं ओझं वाहणाऱ्याचा निदान भाव तरी ठरतो. तात्यांना गाव फुकटात जुंपतं. तेव्हा लवकर निवृत्त व्हायचंय, तर खुशाल व्हा; फक्त गावात बोलू नका. नोकरीचा राजीनामा मंजूर होतो, गावकीचा नाही.