तारकेश्वर

वसईला तुंगारेश्वर आहे, तसा आमच्या रविवारच्या सायकलमंडळात एक तारकेश्वर आहे. वय सत्तेचाळीस, नोकरी चर्चगेटला आणि दातांना तारा. लेकीच्या तारा निघाल्या त्याच महिन्यात याच्या लागल्या. "डॉक्टर घरचेच झाले होते, म्हटलं आपलंही उरकून घेऊ," हे त्याचं स्पष्टीकरण. विरार लोकलमध्ये वीस वर्षं दातओठ खाऊन चढल्यावर दात सरळ राहिले असते तरच नवल, हे आमचं.

असा तारकेश्वर हल्ली प्रत्येक मंडळात सापडतो. चाळिशी उलटली की याला देहाची डागडुजी आठवते. आधी सायकल येते, मग पावलं मोजणारं घड्याळ, मग दात. आणि प्रत्येक डागडुजीबरोबर एक व्याख्यान येतं.

तारांपूर्वीचं व्याख्यान आहारावर असे. पापडीच्या नाक्यावर चहा हातात येण्याआधी ते सुरू व्हायचं. "तासाभरापेक्षा जास्त सायकल मारायची तर दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत!" पाठीवरच्या तीन खिशांत चिक्की, खारे शेंगदाणे आणि खजूर. गिरीजपर्यंत चिक्की, निर्मळच्या तळ्याशी शेंगदाणे, आगाशीला खजूर, असं त्याचं वेळापत्रक लोकलपेक्षा पक्कं होतं.

मग डॉक्टरांनी फर्मान काढलं. कडक नको, चिकट नको, कुरकुरीत नको आणि पुढच्या दातांनी तोडून तर काहीच नको. तिन्ही खिसे एका वाक्यात रिकामे झाले. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात. याच्याकडे दोन्ही होतं, मध्ये तार आडवी आली.

म्हणून त्याने ते गोड जेलचे पाऊच आणले. ते चावायला नकोत, पण साखर तारेभोवती बसली की दातांवर पांढरे डाग पडतात. म्हणजे प्रत्येक पाऊचनंतर पाण्याने चूळ भरणं आलं. चालत्या सायकलवर, वाऱ्याच्या दिशेचा विचार न करता. एकेकाळी त्याच्या मागे राहून वारा चुकवणारे आम्ही सगळे आता जीव खाऊन त्याच्या पुढे असतो. मंडळाचा वेग वाढला, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

तार आवळायची भेट शनिवारी, कारण त्याला तेव्हाच सुट्टी. रविवारी दातांना वारासुद्धा सोसत नाही. त्या दिवशी बाटलीत मीठ घातलेली तांदळाची पेज असते. ज्या पेजेला त्याने आजीच्या हातून कधी तोंड लावलं नाही, तिला तो आता 'रिकव्हरी ड्रिंक' म्हणतो.

पण त्याला पाहावं ते वडापावच्या गाडीवर. आधी तो वडा तळहातावर घेऊन डॉक्टरांसारखा दाबून बघतो. मग नखाने कवच सोलतो, कढीपत्ता वेचून काढतो, मिरचीकडे फक्त बघतो. आतला मऊ बटाटा पावाच्या गाभ्यात घालून मागच्या दाढेकडे सरकवतो. सोललेली कवचं आमच्या वाटणीला. त्यानंतर रस्त्याकडेच्या कुणाच्याही स्कूटरच्या आरशात वाकून, बाटली धुण्याच्या ब्रशचं पिल्लू वाटावं अशा ब्रशने पंधरा मिनिटं साफसफाई. एकदा स्कूटरवाला आला, किल्ली हातात घेऊन मुकाट उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "काका, डावीकडे कोथिंबीर राहिली."

हे सगळं त्याने सोसलं. हरला तो आगाशीत. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, तपकिरी, मधाळ झाली की केळीच्या सुक्या सोपटात बांधायची, हे आमच्याकडचं सुकेळं. परदेशी पाऊच येण्याच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडे प्रवासाची शिदोरी हीच. दातांच्या डॉक्टरांनी शत्रू म्हणून घडवावा इतका चिवट आणि चिकट पदार्थ.

दर रविवारी तो एक पुडी घ्यायचा, "घरच्यांसाठी." मावशी विचारायच्या, "आणि तुम्हाला?" तो ओठ मिटून हसायचा. सातव्या रविवारी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर आम्ही समुद्राकडे बघत होतो, हा पाठ करून उभा होता. मागून 'टक्' असा बारीक आवाज आला. वळून पाहिलं तर गालातून तार डोकावत होती आणि चेहऱ्यावर अपार समाधान होतं.

सोमवारी डॉक्टरांनी चिमट्याने तपकिरी तुकडा बाहेर काढला, दिव्याखाली धरला. डॉक्टर वसईचेच.

"आगाशीचं?"

याने मान हलवली.

डॉक्टर तुकड्याकडे बराच वेळ बघत राहिले. "कुणाकडचं?"

पुढच्या रविवारी तारकेश्वराने दोन पुड्या घेतल्या.