मशीन राहू द्या, बर्फ बघा

मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा दुपारी थंडगार कॉफी प्यावीशी वाटली तर त्यात वावगं काही नाही. ती घरी करावीशी वाटली तर उत्तमच. घोळ त्याच्या पुढे होतो. कॉफी करायची ठरली की माणूस आधी कॉफी बघत नाही, मशीन बघतो.

पुण्यात नोकरीला असलेली पोरं सुट्टीत घरी येतात. तिकडे अडीच-तीनशे रुपये मोजून प्यायलेली आइस्ड लाटे जिभेवर असते. आईबाबांनाही ती मिळावी म्हणून ऑनलाइन मशीन मागवतात. माया खरी. खरेदी चुकीची.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत काय छापलेलं असतं? १५ बार. २० बार. एस्प्रेसोला दाब लागतो ९ बारचा. वरचे बार ग्राहकाचे डोळे दिपवायला असतात, कपात त्यांचं काही उतरत नाही.

एस्प्रेसोचं गणित साधं आहे. १८ ग्रॅम कॉफी, ९० ते ९६ अंशांचं पाणी, २५ ते ३० सेकंद आणि कपात उतरतो साधारण ३६ ग्रॅम अर्क. हे जमतं ते दळण्यावर. कॉफी बारीक आणि एकसारखी दळलेली नसेल तर पाणी सोपी वाट शोधून निसटतं आणि अर्क पाणचट होतो. म्हणजे खरा पैसा ग्राइंडरला लागतो. आणि नेमका तोच खोक्यात नसतो.

चार-पाच हजारांत मिळणारं वाफेवरचं मशीन? ते एस्प्रेसो करत नाही. कडक कॉफी करतं. तेवढंच काम गॅसवरचा मोका पॉट कितीतरी कमी पैशांत करतो आणि ओट्यावरची जागाही अडवत नाही.

शिवाय लाइन गेली तर?

उन्हाळ्यात लाइन जाते, हे काय यवतमाळकराला सांगायला हवं? हजार-बाराशे वॉटचं मशीन घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर चालत नाही. थंड कॉफीची सर्वात जास्त गरज असते त्याच दुपारी ते मुकं होऊन बसतं.

मोका पॉटला विजेची गरज नाही. इटलीत अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून तो १९३३ मध्ये बाहेर पडला. त्याची घडण आजही जवळपास तीच आहे. खालच्या भांड्यात व्हॉल्व्हच्या खालपर्यंत गरम पाणी, मधल्या चाळणीत कॉफी न दाबता भरायची, गॅस मंद. वर फसफसायला लागलं की उतरवायचा. मोठ्या बर्नरवर तो डगमगतो, म्हणून खाली छोटी जाळी ठेवा. दाब जेमतेम एक-दोन बारचा असतो. पण त्यावर दूध आणि बर्फ पडल्यावर एस्प्रेसोतला आणि यातला फरक ओळखणारी जीभ किती घरांत सापडेल? एस्प्रेसोवरचा तो सोनेरी फेसदेखील दुधात पडताच विरतो.

मोका पॉटही नको असेल तर भांड्यांच्या दुकानात स्टीलचा साउथ इंडियन फिल्टर मागा. २०-२५ ग्रॅम पावडर, वरून शंभरेक मिली उकळतं पाणी. पंधरा-वीस मिनिटांत दाट डिकॉक्शन खाली. ना दाब, ना वीज. तमिळनाडू-कर्नाटकातली घरं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली आहेत. आपण मात्र इटलीचं मशीन घ्यायला निघतो.

आता मुद्द्याचं. थंड कॉफी बिघडते ती बर्फाने.

बर्फाकडे कोणी पदार्थ म्हणून बघतच नाही. तो ट्रेमधून काढायचा आणि टाकायचा, एवढीच त्याची किंमत. पण ग्लासातली निम्मी कॉफी म्हणजे शेवटी तो वितळलेला बर्फच असतो.

हिशेब करा. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो, हे आपण शाळेत शिकलो. ४० ग्रॅम गरम अर्क ७५ अंशांवरून शून्यापर्यंत उतरवायला तीन हजार कॅलरी काढाव्या लागतात. म्हणजे सुमारे ३७-३८ ग्रॅम बर्फ पाणी होतो. जेवढी कॉफी, जवळपास तेवढंच पाणी! पहिला घोट घ्यायच्या आधीच कडकपणा निम्म्यावर. मग आपण पावडरला दोष देतो.

दुधाचं तर त्याहून वाईट. फ्रिजमधलं ५ अंशांचं दीडशे मिली दूध गार करायला नऊ-दहा ग्रॅम बर्फ पुरतो. तेच दूध ओट्यावर राहून ४० अंशांचं झालं असेल तर ७० ग्रॅम बर्फ खातं. पुण्याची रेसिपी यवतमाळात फसते ती इथे. कृती तीच, दूध तेच, पण ओट्यावरचं तापमान वेगळं.

म्हणून इथला नियम वेगळा हवा. अर्क कडक करा आणि तो आधी गार होऊ द्या. दूध अगदी शेवटच्या क्षणी फ्रिजमधून काढा. ग्लासही दहा मिनिटं फ्रिजरमध्ये ठेवा. यातल्या एकाही गोष्टीला पैसे पडत नाहीत. म्हणूनच कुठल्याही जाहिरातीत त्या नसतात.

बर्फ मोठा लावा. ट्रेमधले चिमुकले तुकडे भराभर वितळतात, कारण वजनाच्या मानाने त्यांचा उघडा पृष्ठभाग जास्त. वाटीत लावलेला एक जाड गोळा जास्त वेळ टिकतो. त्याहून चांगलं म्हणजे उरलेलं डिकॉक्शनच ट्रेमध्ये ओतून त्याचा बर्फ करणं. तो वितळला की कॉफी आणखी कडक होते.

विकतचा बर्फ आणणार असाल तर जपून. बर्फाची प्रत्येक लादी पिण्याच्या पाण्याची नसते. म्हणूनच २०१८ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळा रंग देण्याची सक्ती केली. निळी लादी मासे आणि माल गार ठेवायला असते. ग्लासात ती कदापि जाता कामा नये. आणि रंग नाही म्हणजे बर्फ चांगला, असंही समजू नका. कुठल्या पाण्याचा आहे, ते विचारा. विचारायला लाज कसली?

पाण्याचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात हसण्यावारी नेण्यासारखा नाहीच. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने टँकरवर दिवस काढले. जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे आणि ते उकळून जात नाही. पाणी आटलं की उलट त्याचं प्रमाण वाढतं. पिण्याच्या पाण्याची जी काळजी घेता, तीच बर्फाच्या पाण्याची घ्या. पोटात गेल्यावर दोन्ही एकच.

दुधावर परत येऊ. कॅफेत पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध थंडच्या थंड ओततात. आपल्याकडे दूध तापवल्याशिवाय घरात घेत नाहीत. गवळ्याचं असेल तर तापवायलाच हवं, त्यात तडजोड नको. आणि मे महिन्यात दुकानाबाहेर उन्हात पडलेल्या पिशवीचा तरी काय भरवसा? तापवा, गार करा. पण मग एक काम विसरू नका.

साय गाळा.

थंड कॉफीवर तरंगणारे सायीचे तुकडे तोंडात आले की सगळी मेहनत वाया जाते. चार-पाच हजारांचं मशीन आणणारं घर दहा रुपयांची गाळणी वापरायला विसरतं.

साखरेचंही तसंच. थंड दुधात ती लवकर विरघळत नाही, तळाशी जाऊन बसते. शेवटचा घोट पाकासारखा आणि पहिला कडू. उपाय सरळ आहे. साखर आणि पाणी समसमान, एक उकळी, गार करून बाटलीत. हा पाक फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतो. कॅफेत काउंटरवर रांगेने उभ्या असलेल्या त्या बाटल्यांमध्येही मूळ हाच पाक असतो, वास आणि रंग तेवढे निरनिराळे. दिवाळीला तीन तारी पाक करणाऱ्या घराने साखरपाण्यासाठी पाचशे रुपये का मोजावेत?

वास हवा असेल तर पाक उकळताना त्यात जायफळ किसा. मराठी घरातल्या कॉफीला जायफळ लागतंच, थंड कॉफीनेच त्याला का मुकावं? माझ्या मते बाजारातल्या हेझलनट सिरपपेक्षा ते कितीतरी उजवं आहे.

फिल्टरही नाही, पॉटही नाही, घरात फक्त इन्स्टंटची बाटली आहे? काही बिघडत नाही. १९५७ साली ग्रीसमध्ये थेसालोनिकीच्या व्यापारी जत्रेत नेस्लेच्या प्रतिनिधीच्या दिमित्रिस वाकोंडिओस या सहकाऱ्याला कॉफी हवी होती आणि गरम पाणी मिळेना. त्याने इन्स्टंट पावडर थंड पाण्यात टाकली आणि लहान मुलांच्या चॉकलेट पेयासाठी ठेवलेल्या शेकरमध्ये घुसळली. जाड फेस आला. तो फ्रापे सगळ्या ग्रीसचा झाला. एका अख्ख्या देशाला इन्स्टंटने चालतं, मग आपल्यालाच कसला कमीपणा?

त्या फेसाचं कारणही जाणून घेण्यासारखं आहे. इन्स्टंट पावडरमध्ये तेल जवळपास नसतं, त्यामुळे फेस लवकर बसत नाही. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत दोन चमचे पावडर, साखर, थोडं गार पाणी आणि दोन बर्फाचे खडे घालून अर्धा मिनिट जोरात हलवा. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांनी हात दुखेपर्यंत डालगोना फेटली, त्यांना ही बाटली तेव्हाच कोणी द्यायला हवी होती. फक्त इन्स्टंट घेताना पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. कायद्याने कॉफी-चिकोरी मिश्रणात निम्म्याहून किंचित जास्त, म्हणजे ५१ टक्के कॉफी असली तरी चालते. बाकीचं चिकोरीचं भाजलेलं मूळ असतं, कॉफीच्या भावात.

चिकोरी वाईट नाही. दुधात ती दाटपणा आणते आणि पंधरा-वीस टक्के असेल तर थंड कॉफीत मला आवडतेही. पण किती आहे ते माहीत असू द्या.

आता कॅफेवाल्यांवर राग काढणाऱ्यांसाठी. चांगल्या कॉफीचा भाव २५० ग्रॅमला साडेपाचशे धरला तर १८ ग्रॅमचे ४० रुपये होतात. दूध दहाचं. म्हणजे घरी पन्नास-साठ रुपयांत ग्लास तयार. मग कॅफेवाला लुटतो का? नाही. तो भाडं भरतो, एसी चालवतो, पोरांना पगार देतो. आणि आपल्या गावात दोन मुलींनी तासभर निवांत बसून बोलावं, अशा जागा किती आहेत? त्या खुर्चीचे पैसे देणाऱ्या मुलींना 'उधळपट्टी' म्हणणाऱ्यांनी आधी शहराला एक सावलीची, सुरक्षित जागा द्यावी. मग बोलावं.

एक इशारा मात्र सगळ्यांना. दोन शॉटच्या ग्लासात १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन असतं. मोठ्या निरोगी माणसाला दिवसाला ४०० पर्यंत चालतं, गरोदर बाईला २०० पर्यंत. शाळकरी पोरांना हे 'थंड दूध' म्हणून ग्लासभर देऊ नका. आणि शेतातून, उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात तर आधी पाणी द्या, ताक द्या, पन्हं द्या. उष्माघातावर कॉफीचा उपाय नाही.

राहिली कॉफी स्वतः. ती ताजी भाजलेली हवी, नाहीतर वरचं सगळं फुकट. चिकमंगळूरहून, कुर्गहून लोक कुरिअरने मागवतात, खुशाल मागवावी. घरी मिक्सरमध्ये दळणार असाल तर आधी मूठभर कच्चे तांदूळ फिरवून भांडं पुसून घ्या. लसणाच्या चटणीचा वास कॉफीला पटकन लागतो.

पण विदर्भात कॉफी पिकते, हे किती यवतमाळकरांना ठाऊक आहे? शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, हजार मीटरहून उंच चिखलदऱ्यावर कॉफीची झाडं इंग्रजांच्या काळापासून आहेत. आपण तिथे जातो, धुकं बघतो, पॉइंटवर फोटो काढतो आणि परत येताना मॉलमधून परदेशी नावाची डबी घेतो. पीक थोडं आहे, मान्य. पण मागणीच नसेल तर वाढेल कसं? कापसाला बाहेरचा बाजार ठरवतो तो भाव मिळतो म्हणून आपण आयुष्यभर ओरडतो. आपल्याच डोंगरावरच्या कॉफीला गिऱ्हाईक व्हायला आपल्याला कोणी अडवलं आहे?

चिखलदऱ्याच्या विक्रेत्यांनीही एक करावं. पाकिटावर भाजल्याची तारीख छापावी, कॉफी किती आणि चिकोरी किती ते स्पष्ट लिहावं आणि अख्ख्या बिया विकाव्यात. ते झालं की यवतमाळच्या किराणा दुकानदारांना सांगा, दहा पाकिटं ठेवून बघा. नाही संपली तर पुढच्या उन्हाळ्यात मशीनच ठेवा.