क्यूला नावे ठेवण्याची रीत

अमेरिकेत पूल खेळणाऱ्यासाठी खास घडवलेला क्यू साधारण ५८ इंच लांब असतो. नामांकित कारागिराकडची प्रतीक्षायादी त्याहून लांब. दोष तीन ठिकाणी निघतो: मेपलचा दांडा बाक धरतो, जोड नीट बसत नाही किंवा मुठीपुढच्या नक्षीची टोके एका पातळीत येत नाहीत. तिसऱ्या दोषाने खेळ बिघडत नाही, म्हणून भांडण त्यावरच अधिक रंगते.

ग्राहक चारचौघांत बोलला की वाद ठरलेल्या क्रमाने चालतो. 'आधी खासगीत का नाही सांगितले?' सांगितले होते, असे कळताच 'स्वतः कधी क्यू बनवला आहे का?' त्यानंतर कारागिराचा सज्जनपणा आणि अखेरीस त्याचे आजारपण. दांडा वाकडा आहे का, एवढे मात्र कोणी तपासत नाही.

बचावकर्त्यांत त्याच कारागिराचे क्यू बाळगणारे पुष्कळ असतात. पुनर्विक्रीची किंमत नावावर ठरत असल्याने त्यांची निष्ठा समजण्याजोगी आहे. १९७५ साली निवर्तलेले क्यू-कारागीर जॉर्ज बालाबुष्का अनेक क्यूंसाठी ब्रन्सविक कंपनीचे तयार टिटलिस्ट सांगाडे वापरत, हे संग्राहक कौतुकाने सांगतात. हयात कारागिराबद्दल तेच विधान बदनामी ठरते.