नाकाची साक्ष

23 ऑक्टोबर 2015. लॉस एंजेलिसच्या पोर्टर रँच वस्तीच्या डोक्यावर, आलिसो कॅन्यनमधल्या जमिनीखालच्या गॅससाठ्याच्या एका विहिरीला गळती लागल्याचं लक्षात आलं. गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, तो घराघरांत शिरला. कुणाचा घोळणा फुटत होता, कुणाचं डोकं ठणकत होतं, कुणाला मळमळत होतं. आकाश मात्र निळंभोर. जे डोळ्यांना दिसत नाही, त्याची घाई कुणालाच नसते.

डिसेंबरमध्ये पर्यावरण संघटनांनी इन्फ्रारेड चित्रण जाहीर केलं. टेकडीच्या कुशीतून भलामोठा लोट उसळतोय, हे साऱ्या जगाने पाहिलं. मिथेन साधारण 3.3 मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण शोषतो. कॅमेरा नेमका तेवढाच पट्टा पाहतो, म्हणून वायू आड आला की तिथे हलता डाग उमटतो. पण वायू आणि मागचा डोंगर यांचं तापमान सारखं असेल तर काहीच उमटत नाही. वारा जोराचा असेल तर लोट विरतो. म्हणूनच एका फेरीत ‘गळती आढळली नाही’ असा शेरा मारून मोकळं होणाऱ्या तपासणीला मी तपासणी मानत नाही.

गळती बुजायला फेब्रुवारी 2016 उजाडला. तोवर सुमारे 97,000 टन मिथेन हवेत गेला, हजारो कुटुंबांना घर सोडावं लागलं. विहीर 1953 सालची. तिचा जमिनीखालचा सुरक्षा व्हॉल्व्ह 1979 मध्ये काढला, तो पुन्हा बसवलाच नाही. कॅमेरा असले निर्णय दाखवत नाही; ते कागदपत्रांतच शोधावे लागतात.

आपल्याकडे मुंबईत माहुल आहे. रिफायनऱ्या आणि रसायनांच्या टाक्यांना खेटून प्रकल्पग्रस्तांच्या इमारती. तिथे राहायची सक्ती करू नका, असं उच्च न्यायालयाला 2019 मध्ये सरकारला सांगावं लागलं. लोक वर्षानुवर्षं वासाची तक्रार करत आले, आणि पुरावा आणायचं ओझंही त्यांच्याच माथी. टाक्यांमधून सुटणारी बरीचशी बाष्पं या कॅमेऱ्याला दिसतात. तेव्हा प्रदूषण नियंत्रण मंडळाने कंपनीला आगाऊ न कळवता कुंपणाबाहेरून चित्रण करावं आणि तारीख-वेळेसह ते त्याच आठवड्यात रहिवाशांपुढे ठेवावं. रात्रीही करावं, या कॅमेऱ्याला उजेड लागत नाही.