तुमच्या चिरंजीवांचा आरा

नोव्हाय, मिशिगन
दिवाळीनंतरचा दुसरा रविवार

ती. मामा आणि ती. आत्याबाई यांना सूनबाईचा शि. सा. न. वि. वि.

टपालानं पत्र आलं म्हणून दचकू नका. आम्ही सगळे खुशाल आहोत आणि घरातल्या चौघांची सगळी बोटं जागच्या जागी आहेत. हे आधी लिहून टाकलं म्हणजे पुढचं तुम्हाला निवांत वाचता येईल. फोनवर सांगायला गेले की हे शेजारी येऊन बसतात आणि प्रत्येक वाक्याला "तसं नाही, आई" अशी दुरुस्ती करतात. म्हणून आज कागद-पेन घेतलं.

तक्रार अशी, की तुमच्या चिरंजीवांना सुतारकीचं वेड लागलंय.

मागच्या हिवाळ्यात तेरला आलो होतो, तिथूनच ही लागण झाली. तुमच्या देव्हाऱ्यासमोर हे तासभर मांडी घालून बसले होते, तेव्हा आत्याबाईंना वाटलं लेक परदेशात जाऊन भाविक झाला. तसं काही नव्हतं. हे कमानीचा सांधा कसा बसवलाय ते बघत होते. मग उत्तरेश्वराची कोरीव लाकडी चौकट पाहिली आणि उरलंसुरलं भानही गेलं. हजार वर्षांहून जुनं लाकूड अजून टिकून आहे, आणि आपल्या घरी तुळजाभवानीचा टाक स्वयंपाकघराच्या कपाटात मिक्सरशेजारी, हे बरं नाही, असं विमानात मला चौदा तास ऐकवलं. मुद्दा खरा होता म्हणून मी गप्प राहिले. तिथंच चुकलं.

देव्हारा करायचा तर लाकूड हवं, म्हणून आम्ही लाकडाच्या दुकानात गेलो. मामा, आपल्या वखारीत माप मारतात म्हणून तुम्ही किती चिडता! इथं माप सरकारमान्य पद्धतीनं मारतात. 'दोन बाय चार' म्हणून जे लाकूड मिळतं ते मोजून दीड बाय साडेतीन इंच भरतं. विचारलं तर दुकानदार शांतपणे सांगतो, की रंधून, वाळवून एवढंच उरतं आणि हे सगळ्यांना माहीत असतं. चांगलं लाकूड, म्हणजे मेपल, चेरी, अक्रोड, ते 'बोर्ड फूट' नावाच्या मापानं विकतात. आपल्या एका घनफुटात असे १२ बोर्ड फूट बसतात. हे मी पर्सच्या मागं हिशोब करून काढलं, आणि तो सागवानाचा भाव ऐकून तसाच खोडला.

मग प्रश्न आला चिरण्याचा. तेव्हा तुम्ही फोनवर म्हणाला होता, "आरं, वखारीतनंच चिरून आण की. घरात कशाला आरा मांडायलास?" हा प्रश्न मी यांना तेव्हापासून चार वेळा विचारलाय. उत्तर अजून आलेलं नाही. इथलेही लाकूडवाले थोड्या पैशात फळी चिरून देतात, तेव्हा ते येईल असं वाटतही नाही.

टेबल-सॉ म्हणजे काय, ते आत्याबाईंसाठी सांगते. लोखंडी टेबल, त्याच्या पोटात मोटर, आणि टेबलाच्या फटीतून वर डोकावणारं दहा इंची गोल पातं. लाकूड आपण ढकलायचं, पातं जागेवर फिरत राहतं. धाराशिवला दादांच्या नव्या घरी राजस्थानचे कारागीर ओट्याखालची कपाटं करत होते, आठवतंय? फरशी कापायचा कटर उलटा करून प्लायवूडखाली ठोकलेला आणि वर अनवाणी पायानं उकिडवा बसलेला माणूस. तोच प्रकार, पण इथं त्याला पाय असतात आणि शंभर पानांचं माहितीपुस्तक असतं. पहिली वीस पानं नुसत्या इशाऱ्यांची.

यांनी तीन महिने नुसता अभ्यास केला. आपलं लग्न ठरवताना यांनी तीन दिवस घेतले होते, हे मी मुद्दाम नमूद करते. करवतींतही उपवर स्थळांसारखे थर असतात. सगळ्यात वर 'कॅबिनेट सॉ'. ओतीव लोखंडाचं टेबल, दोन-अडीचशे किलो वजन, तीन हॉर्सपॉवरची मोटर. ती पिठाच्या गिरणीसारखी, एकदा बसली की घर विकावं पण तिला हलवू नये. सगळ्यात खाली 'जॉबसाइट सॉ', जत्रेतल्या दुकानासारखी. पाय मिटायचे, चाकांवर टाकायची, कोपऱ्यात उभी करायची. मधे आणखी दोन थर आहेत, ते मधल्या जावेसारखे. कोणी विचारत नाही, पण स्वतःला कमी समजत नाहीत.

यांचा जीव अर्थात गिरणीवर जडला. तीन हॉर्सपॉवर! मी म्हटलं, आपल्या मामांच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर आहे, ती पाच एकर भिजवते. आपल्याला एक देव्हारा करायचाय. आणि गंमत बघा मामा, आपल्याकडं घराघरात २३० व्होल्ट येतात, या श्रीमंत देशात भिंतीतल्या साध्या सॉकेटला १२०. त्यावर १५ अँपिअर घेतले तर जास्तीत जास्त १८०० वॉट मिळतात, आणि एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. मोटर स्वतः थोडं खाते, तेव्हा हाती पावणेदोन हॉर्सपॉवरच्या वर काही लागत नाही. तीनवाली हवी तर २४० व्होल्टची वेगळी लाइन ओढा, त्याला इलेक्ट्रिशियन बोलवा, आणि त्याचं बिल पाहून देव्हारा चांदीचाच केला असता तर बरं, असं म्हणत बसा. पातं धारदार आणि कामाला योग्य असेल तर इंच-दीड इंच जाडीची फळी पावणेदोनमध्येही निमूट चिरते. उभं चिरायला २४ दात्यांचं पातं, आडवं कापायला ६० किंवा ८० दात्यांचं. जास्त दाते म्हणजे चांगलं पातं असा यांचा समज होता. ८० दात्यांच्या पात्यानं जाड फळी उभी चिरायला घेतली आणि लाकूड काळं पडून धूर निघाला, तेव्हा तो गेला.

पण हे जरा पुढचं झालं. त्याआधी जूनमध्ये काय घडलं ते ऐका. हे यांनी तुम्हाला सांगितलेलं नाही.

अभ्यास चालू असतानाच यांनी एका गृहस्थाकडून जुनी करवत आणली, फार स्वस्तात. स्वस्त का, ते मी घरी आल्यावर पाहिलं. पात्यावरचं झाकण नव्हतं. पात्यामागची पट्टीही नव्हती. तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. वखारीत लांब ओंडका चिरताना फट मिटू नये म्हणून मागं पाचर ठोकतात ना, तेच तिचं काम. आणि फळीला सरळ चालायला लावणारा जो कठडा असतो, तो मागच्या बाजूला सूतभर आत झुकलेला. हे म्हणाले, "चालतंय की." तुमच्या घरातला हा शब्द मला लग्नापासून महाग पडत आलाय.

झालं असं, की फळी अर्धी चिरली आणि मागून मिटली. पात्याचे पुढचे दाते खाली जातात, मागचे वर येतात. मागच्या दात्यांनी फळी पकडली, उचलली आणि भिरकावली. इथं त्याला किकबॅक म्हणतात. दहा इंची पातं मिनिटाला सुमारे ४ हजार फेरे घेतं, म्हणजे त्याच्या कडेचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास. कळंबच्या एसटीला जन्मात जमला नाही असा. देवाची कृपा, हे रेषेतून बाजूला उभे होते. फळी गॅरेज ओलांडून मागच्या फडताळावर गेली आणि ज्वारीच्या पिठाच्या पिशवीत घुसली. मी धावत आले तर हे नखशिखांत पांढरे. मला वाटलं भीतीनं. पण ते पीठ होतं. भीती त्याच्या खाली होती.

अख्खी वीस पौंडांची पिशवी, मामा. भाकरीसाठी आम्ही पाऊण तास गाडी चालवून आणतो ती. भुसा आणि पीठ वेगळं करता येईना. त्या रात्री आम्ही ब्रेड खाल्ला आणि कोणी कोणाशी बोललं नाही.

दुसऱ्या दिवसापासून करवत निवडायचं खातं माझ्याकडं आलं.

मला आपले सुतारआबा आठवत होते. आबांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी आहेत. पन्नास वर्षं वाकस चालवला, पायाच्या अंगठ्यात लाकूड धरून तासलं, मिरगाच्या आधी गावाच्या तिफणी भरून दिल्या, तेव्हा नखाला धक्का नाही. बोटं गेली ती वखारीच्या आऱ्यावर, तिथं दोन वर्षं रोजानं गेले तेव्हा. माप 'चार बोटं' घ्यायचं असलं की आबा उजवा हात लावतात. डाव्यानं घेतलं तर तीनच भरतात, असं स्वतःच सांगून हसतात. मला ते हसणं कधी जमलं नाही.

तर इथं स्टीव्ह गॅस नावाचा एक माणूस आहे. शिकला पदार्थविज्ञान, पोटासाठी पेटंटची वकिली, आणि हौस आपल्या यांच्यासारखी. त्यानं १९९९च्या सुमारास युक्ती काढली. पात्यावर अगदी बारीक विजेचा संकेत सोडायचा. कोरडं लाकूड लागलं तर त्याला काही होत नाही, पण माणसाचं अंग वीज घेतं. बोट टेकताच संकेत बदलतो, स्प्रिंग सुटते आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा फिरत्या दात्यांत घुसतो. एका सेकंदाच्या दोनशेव्या भागात पातं बंद, आणि वर ते टेबलाच्या आत बुडी मारतं. बोटाला ओरखडा उठतो तेवढाच. मोठमोठ्या कंपन्यांना त्यानं ही युक्ती देऊ केली, कोणी घेतली नाही. मग त्यानं स्वतःची कंपनी काढली, सॉस्टॉप. दाखवताना तो सॉसेज वापरायचा, आणि पुढं कॅमेऱ्यासमोर स्वतःचं बोटही लावलं. या देशात टेबल-सॉनं जखमी होऊन दर वर्षी सुमारे ३० हजार माणसं दवाखान्यात जातात, हे वाचलं तेव्हा मला त्या बोटाचं कौतुक वाटलं.

हे म्हणाले, दुपटीहून जास्त किंमत. आणि एकदा ब्रेक लागला की तो ठोकळा वाया, शंभरेक डॉलर, पातंही बहुधा कामातून गेलं. शिवाय लाकूड ओलं असलं तर त्यालाही ते बोट समजतं. सगळं खरं आहे. मी एवढंच विचारलं, "तुम्ही ऑफिसात दिवसभर कशाचं प्रोग्रॅमिंग करता?" मामा, तुमचे चिरंजीव गेली अकरा वर्षं मोटारींच्या ब्रेकचं काम करतात. त्यावर आमचं घर चालतं. ते पाच मिनिटं गप्प राहिले आणि मग म्हणाले, "कुठली घ्यायची ते तूच सांग."

मी जत्रेवाली घेतली, चाकांची, मिटणारी, ब्रेकवाली. कारण डिसेंबरात बर्फ पडला की गॅरेजात गाडी उभी करावी लागते, आणि गिरणी घेतली असती तर गाडी बाहेर आणि आम्ही सकाळी फावडं घेऊन. छोटीनं ब्रेकची परीक्षा घ्यायचा हट्ट धरला होता. आत्याबाईंची माळ आठवून घरात सॉसेज आणायचं नाही असं ठरलं, म्हणून परीक्षा राहिली. भुशाला ओढून घेणारा पंखाही घेतला, कारण लाकडाच्या बारीक धुळीनं कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९५ मध्येच नक्की केलंय. वाकसाच्या ढलप्यांना हा रोग नव्हता. त्या चुलीत जायच्या.

पहिलं काम पाटाचं झालं. बारा इंची फळीतून यांनी तीन-तीन इंचांच्या चार पट्ट्या आखल्या. शेवटची तीन सुतांनी कमी भरली. हे फळीकडं बघत बसले, मी खाली सांडलेल्या भुशाकडं. दर कापाला पातं एक सूत लाकूड खातं, तीन काप, तीन सूत. एका इंचात आठ सूत हे हिशोबाला किती सोयीचं आहे ते इथं येऊन कळलं. इथली माणसं त्याला 'एक भागिले आठ' म्हणतात. करवतीचं बलुतं आधी बाजूला काढायचं आणि मग वाटण्या करायच्या, हे आबांना सांगावं लागलं नसतं. पाट झाला, पण डुलतो. नैवेद्याचं ताट ठेवलं की वरण एका बाजूला जातं.

आता खरं सांगते. दुसरा पाट मी केला. तो डुलत नाही. रविवारी सकाळी यांच्याआधी गॅरेजात कोण जातं, ते मी लिहीत नाही.

आता मुख्य काम. देव्हारा तुमच्यासारखाच करायचा ठरलाय. १९९३ च्या भूकंपात सास्तूरला मावशींच्या माळवदाच्या भिंती बसल्या आणि खांब-तुळया उभ्या राहिल्या, त्यातल्या एका तुळईचा तुमचा देव्हारा. तसलं लाकूड आम्हाला मिळणार नाही. आमचा चेरीचा असेल. पण घाट तोच हवा. मार्चमध्ये तुम्ही दोघं याल तोवर टाक मिक्सरशेजारून हलवायचाय. तेव्हा पायथा, खांबांमधलं अंतर, कमानीची उंची आणि कळसाखालची पट्टी, एवढी मापं सुतारआबांना घरी बोलवून, चहा पाजून, त्यांच्याकडून घेऊन पाठवा. इंचात आणि सुतात पाठवा, बोटांत नकोत. आणि आबांनी बोटांतच सांगितली, तर कुठल्या हाताची ते लिहा.

तुमची सूनबाई